रत्नमालेच्या चार मात्रा

भंडारा जिल्ह्यात आता मुलींचे सहा बँड आहेत. लग्नातली बँड पार्टी नव्हे. इलेक्ट्रिक गिटार, बेस, कीबोर्ड आणि ड्रम घेऊन स्वतःची गाणी वाजवणाऱ्या, गळा मोकळा सोडून गाणाऱ्या मुली. या सहाही बँडांत 'पाटी' नावाचं एक गाणं हमखास वाजतं. गाण्याच्या मध्यावर मोठ्या ड्रमवर तीन ठोके पडतात आणि सगळं थांबतं. अगदी आत्ताआत्तापर्यंत तिथं चार मात्रा काहीच वाजत नसे. पाचव्या मात्रेला सगळ्या जणी एकदम सुरू व्हायच्या. मुली या जागेला 'रत्नमाला ब्रेक' म्हणतात. लाखनीच्या एका मुलीनं मला सांगितलं होतं, की ती जागा साधली की ड्रम आला असं समजायचं.

मूळ गाण्यात ती जागा नव्हती. ती कुठून आली हे रत्नमालेनं मला सांगितलं आणि लिहायची परवानगीही दिली. तारखा माझ्या रोजनिशीतल्या आहेत. शेवटचा भाग मी स्वतः पाहिलेला आहे.

नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाला लागून, मँगनीजच्या एका जुन्या खाणीची वसाहत आहे. माझे यजमान तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीत नत्थू राहायचा. तो भुयारात ड्रिल चालवायचा आणि दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत डबल ड्रम वाजवायचा. त्याची बायको मंगलाबाई वर यार्डात कच्चा माल फोडायची. बायका ओळीनं बसायच्या, डाव्या हातात दगड, उजव्या हातात छोटा हातोडा. काळा जड दगड ठेवायचा, पांढरा हलका फेकायचा. चाळीस हातोडे एकाच लयीत पडायचे, कारण कुणाचा वेगळा पडला तर शेजारणीच्या बोटावर येण्याची भीती. रत्नमाला त्यांची एकुलती एक मुलगी. अठराव्या वर्षी ती आईच्या शेजारी यार्डात बसली. उंच, सावळी, कमी बोलणारी. बोलण्यापेक्षा हाताचा अंदाज पक्का.

बँड काढला तो रुचितानं. ती तुमसरला डिप्लोमा करून नागपूरला नोकरीला लागली होती आणि तिथून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आली. रुपा नावाच्या मैत्रिणीला तिनं एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातला बेस मिळवून दिला. गुड्डीला पेटीवर बोटं ठेवायला मी शिकवलं होतं. ती कीबोर्डवर गेली. ड्रम वाजवायला कुणी मिळेना. तेव्हा रुचिता यार्डाच्या फाटकाशी उभी राहिली आणि सुट्टी होताच रत्नमालेला म्हणाली, "तुह्या बापाचा डबल ड्रम घरी पडला हाय ना?"

"हाय."

"वाजवशील?"

"मले वाजवता नाही येत."

"सकाळपासून का करून राहिली मग तू?"

रत्नमाला हसली म्हणे. मंगलाबाई मागून म्हणाली, "जाय वो. इथं बडवून दगड फुटते, तिथं बडवून माणसं फुटतीन."

ही गोष्ट २०१० सालच्या जानेवारीतली. बँडचं नाव ठेवलं 'काळा दगड'. लोक मात्र 'पोरीईचा बँड'च म्हणत. पहिला कार्यक्रम त्याच वर्षी विहारासमोर झाला. चौघीही पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. दुसऱ्याच गाण्यात रत्नमालेची साडी पायाच्या ड्रमच्या पेडलमध्ये अडकली. ती उठली, घरी गेली आणि सलवार-कुर्त्यावर यार्डातले गमबूट घालून परत आली. लोक हसले. नंतर हसले नाहीत, कारण गमबुटाचा पाय पडला की खुर्च्या हलायच्या. आज जिल्ह्यातली प्रत्येक ड्रम वाजवणारी मुलगी गमबूट घालते, त्याचं कारण एवढंच आहे.

सात वर्षांत त्यांनी एकशे बारा कार्यक्रम केले. जयंत्या, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रा, झाडीपट्टीच्या नाटकांची मध्यंतरं, लाखनीला हायवेवरच्या एका धाब्याचं उद्‌घाटन. त्या दिवशी ट्रकवाले गाड्या लावून उभे राहिले आणि रस्ता दीड तास अडला. सिहोऱ्याला एका आयोजकानं विचारलं, "यातली गानारी कोन अन् नाचनारी कोन?" रुचिता म्हणाली, "गानारी मी. नाचनारे तुमी." तो खरोखरच नाचला.

'पाटी' हे गाणं रुचिता आणि रत्नमाला दोघींचं. 'उचल वो बाई पाटी, डोंगर झाला रिता' अशी त्याची ओळ होती. मध्ये डोक्यावरची दगडांची पाटी खाली ठेवल्याचे तीन ठोके होते. ते रत्नमालेनं घातले. ते तीनच का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि तिनंही मुद्दाम काही ठरवलं नव्हतं. तिच्या हाताला तीनची सवय होती.

खाणीत एक रीत होती. वापरात नसलेल्या भुयाराचं तोंड बुजवायचं असलं, की आधी तोंडाशी रुळाच्या तुकड्यावर हातोड्यानं तीन ठोके मारायचे आणि शंभर मोजायचे. आत कुणी राहिलं असेल तर तो दगडावर तीन ठोके देतो. शंभर होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, विडीसुद्धा पेटवायची नाही. हे काम बायकांचं, कारण माती भरलेल्या पाट्या घेऊन तोंडाशी त्याच उभ्या असत. मंगलाबाईनं आयुष्यात अकरा तोंडं अशी बुजवली. उत्तर कधीच आलं नाही. रत्नमालेनं आईच्या बाजूला उभं राहून दोनदा ठोके मारले होते.

गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं, तो रविवार होता, १७ फेब्रुवारी २०१३. तुमसरचा भुपेंद्र लॅपटॉप आणि माईक घेऊन आला. वसाहतीचा जुना करमणूक हॉल निवडला, कारण लग्नाच्या डीजेचा आवाज तिथपर्यंत येत नसे. हॉल बरीच वर्षं बंद होता. खालची जमीन पोकळ आहे, एका बाजूनं जुनं भुयार जातं, म्हणून खाणीनं तो वापरातून काढला होता. मी दाराशी स्टूल टाकून बसले होते. दुपारचा एक वाजला होता. दोनला वीज जायची, म्हणून सगळ्यांना घाई होती.

गाणं नीट चाललं होतं. तीन ठोके पडले आणि रत्नमालेचे हात वरच राहिले. इतर तिघी ड्रमच्या मागे जाणाऱ्या, त्याही थांबल्या. हॉलमध्ये काही आवाज नव्हता. मग रुचितानं तिच्याकडे बघितलं आणि रत्नमालेनं पुन्हा काठी टाकली. चौघी अशा एकदम आत आल्या, की भुपेंद्रनं अंगठा दाखवला. माझ्या रोजनिशीत त्या दिवशी लिहिलं आहे: 'रत्नमाला मध्येच चार मात्रा अडखळली. चेहरा पांढरा. पुन्हा घ्यायला वीज नव्हती.'

मी काही ऐकलं नव्हतं. रत्नमालेनं ऐकलं होतं. तिच्या तीन ठोक्यांनंतर, तिच्या स्टुलाखालून, जमिनीतून तीन ठोके आले होते. त्यामुळे तिचा हात थांबला. रीतीप्रमाणे ती मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. मग रुचिताचे डोळे दिसले आणि तिनं मोजणं सोडून वाजवलं.

भुपेंद्रनं सामान आवरताना आपणहून सांगितलं, "खालून थोडी ठकठक आली होती, मी साफ करून टाकली. तुमची जागा एकदम कोरी केली, ताई. भारी झाली."

वाटेत तिनं रुचिताला विचारलं. रुचिता म्हणाली, "हॉल पोकळ हाय ना. तुह्याच ड्रमचा आवाज फिरून आला." हे पटण्यासारखं होतं. रत्नमालेनं पटवून घेतलं.

मंगळवारी हॉलखालच्या त्या जुन्या भुयाराचं तोंड बुजवलं गेलं. आधीच्या वर्षी तिथून लोक चोरून उरलासुरला माल काढत होते, म्हणून ठेकेदारानं ते बंद करायचं ठरवलं होतं. बायकांना पाट्या घेऊन बोलावलं नाही, मशीन आणली. ठोके कुणी मारले नाहीत. रत्नमाला यार्डात बसून बघत होती. हातोडा तिच्या हातात होता. मुकादमाला सांगावं असं तिच्या मनात आलं आणि तिनं सांगितलं नाही. काय सांगायचं, गाणं वाजवताना ऐकू आलं म्हणून?

शुक्रवारी वसाहतीत बातमी फिरली, की तुलाराम घरी आलेला नाही. तुलाराम आमच्या पलीकडच्या टोलीतला, म्हणजे छोट्या वस्तीतला, रोजीनं काम करणारा. चार-पाच दिवस तो नाहीसा व्हायचाच, बालाघाटला जायचा. म्हणून त्याच्या बायकोनं, सुलोचनाबाईनं, आधी कुणाला विचारलं नाही. शेवटी विचारलं तेव्हा कुणी म्हणालं, रविवारी सकाळी जंगलाकडे जाताना दिसला. कुणी म्हणालं, बालाघाटच्या बसमध्ये दिसला. महिन्याभरात सगळ्यांनी बस पसंत केली. तिकडे त्यानं दुसरं घर केलं आहे, असं ठरून गेलं. सुलोचनाबाई रोज सकाळी नळावर बादली आपटून त्याला शिव्या द्यायची. धानाच्या रोवण्याच्या, लावणीच्या वेळी बायका मुद्दाम तिला बोलतं करायच्या. "का वो सुलोचना, बालाघाटवाली सवत रोवा कराले नाही येत का?" ती म्हणायची, "येऊ दे, तिले चिखलात गाडतो अन् त्याले वरून लावतो." बायका हसायच्या. त्याच बांधावर एकदा रत्नमाला होती. ती हसली नाही. तिनं मूठभर रोपं तशीच पाण्यात सोडून दिली आणि घरी गेली.

गाणं मात्र पसरत गेलं. गुड्डीचं लग्न लाखनीच्या मोबाईल दुकानदाराशी झालं. त्यानं येणाऱ्या प्रत्येकाच्या मेमरी कार्डात 'पाटी' भरून दिलं. मुलींनी ते ऐकून ऐकून वाजवायला घेतलं. मूळ चाल त्यांना कुणी शिकवली नव्हती. त्यांच्याकडे फक्त भुपेंद्रचं रेकॉर्डिंग होतं. त्यात तीन ठोके होते आणि चार कोऱ्या मात्रा होत्या, म्हणून त्यांनी तसंच बसवलं. एका मे महिन्यात रत्नमाला साकोलीला गेली असताना एका शाळेच्या मैदानावर तिनं ते पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली. तीन ठोके, मग गप्प. सगळं मैदान गप्प.

ती मला म्हणाली, "बाई, त्याईले मालूम नाही त्या का करून राहिल्या. त्या जमिनीले विचारून राहिल्या, कोन हाय म्हणून. अन् चार मोजून निघून जाऊन राहिल्या. माह्यासारख्या."

तिथून पुढे तिचं वाजवणं बिघडलं. 'काळा दगड'चा शेवटचा कार्यक्रम सिहोऱ्याला झाला, २०१७ च्या डिसेंबरात, भर दुपारी. 'पाटी'च्या तीन ठोक्यांनंतर ती स्टुलावरून उतरली, ड्रम बाजूला केला आणि स्टेजच्या फळीला कान लावून पडून राहिली. लोकांना वाटलं चक्कर आली. कुणी कांदा आणला. रुचितानं तिला उठवलं तेव्हा ती म्हणाली, "थांब ना, मोजून राहिली मी." त्यानंतर ती ड्रमवर बसली नाही. रुचिता पुण्याला गेली, रुपा गोंदियाला नर्स झाली. भांडण कुणाचं झालं नाही. रत्नमाला यार्डात दगड फोडत राहिली, पण बाकी बायकांपासून थोडी दूर बसून, कारण तिचा हातोडा आता चाळिसांच्या लयीत पडत नव्हता. तीन पडायचे आणि थांबायचा.

२०२४ च्या मार्चमध्ये लाखनीच्या मुली तिच्याकडे आल्या. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तिचा सत्कार करायचा होता आणि 'पाटी'चा ड्रम तिनंच वाजवावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी नवे गमबूट भेट आणले होते. रत्नमालेनं त्यांना चहा केला. त्या गेल्यावर माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "बाई, माह्यासंग चला. सुलोचनाबाईकडं जाचं हाय. एकटीनं जाईन त वापस येईन."

सुलोचनाबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. आता साठीला आलेली, पाठीत वाकलेली. कपाळावर ठसठशीत कुंकू. रत्नमाला समोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. रविवार, एक वाजता, तीन ठोके. आपण चारच मोजले. मंगळवारी तोंड बुजलं आणि आपण बोललो नाही.

सुलोचनाबाईचे हात फुलं पसरत होते ते पसरतच राहिले. तिनं विचारलं, "अकरा वर्सं झाले. आज काहून आली?"

"लाखनीच्या पोरी बलावून राहिल्या. वाजवाले."

"म्हणजे तुले वाजवाचं हाय म्हणून आली."

रत्नमालेनं होकारार्थी मान हलवली. खोटं बोलली नाही.

"तो बालाघाटले हाय," सुलोचनाबाई म्हणाली. "सारे सांगते. त्याले दोन लेकरं हाय तिकडं. एक पोरगी त त्याच्यासारखीच नकटी हाय म्हणे."

"कोनं पाह्यलं?"

"कोनं बी पाह्यलं असंन. तुले का करा लागते?" मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "रोज सकाळी शिव्या देतो म्या त्याले. चहाच्या आधी. तो तिकडं जिता हाय म्हणून देतो. तू म्हणतं तसं असंन, त मी अकरा वर्सं कोनाले शिव्या देल्या, सांग."

मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात सुलोचनाबाईनं फुलांवर सूप पालथं घातलं आणि पदर खोचला. "चाल. तुह्या हॉलमंधी चाल. शंभर मोजाचे होते ना, शंभर मोज."

रत्नमालेनं घरून हातोडा आणला. आम्ही तिघी दुपारी साडेबाराला तिथं पोहोचलो. हॉलभोवती काटेरी तार होती, पण गुरांनी ती एका बाजूनं पाडलेली होती. छपराचे पत्रे गेलेले, आत स्वच्छ ऊन पडलेलं. जमिनीला दारापासून स्टेजपर्यंत एक चीर गेली होती, बोटभर रुंद. तिच्या दोन्ही बाजूंना गवत होतं, पण चिरेला लागून वीतभर जागेत काही उगवलं नव्हतं. वारा नव्हता. जंगलात त्या वेळी पाखरं बोलतात. त्या दिवशी बोलत होती की नाही, हे मला आठवत नाही. घरी जाऊन लिहिताना लक्षात आलं, की मी ती ऐकली नव्हती.

हॉलचा उंबरठा रुळाच्या तुकड्याचा होता. रत्नमाला त्याच्याशी बसली आणि तिनं तीन ठोके मारले. घट्ट, सारख्या अंतरानं.

मोजलं सुलोचनाबाईनं. तिला वीसपर्यंतच येत होतं. वीस झाले की ती एक खडा बाजूला ठेवायची. वीसची एक कोडी, अशा पाच कोड्या. ती मोठ्यानं मोजत नव्हती, ओठ हलत होते. पहिला खडा ठेवला. दुसरा ठेवला.

तिसऱ्या कोडीत आवाज आला. मोठा नव्हता. शेजारच्या घरात कुणी खलबत्ता खाली ठेवावा, तसा. तीन वेळा, आमच्या पायांच्या खालून. रत्नमालेनं माझा हात धरला. सुलोचनाबाईचे ओठ थांबले नाहीत. मग जरा पुढून, जुन्या स्टेजच्या खालून, पुन्हा तीन. दोन लवकर आणि तिसरा उशिरा. मग यार्डाच्या बाजूनं, बराच लांबून, आणखी तीन. आणि त्याच्याही पलीकडून काहीतरी, जे तीन होते की नव्हते हे मी सांगू शकत नाही.

आम्ही एका माणसासाठी विचारलं होतं.

सुलोचनाबाईनं चौथा खडा ठेवला, पाचवा ठेवला, शेवटपर्यंत मोजलं, आणि मगच बोलली. "दुसरा," ती म्हणाली.

"दुसरा का?" रत्नमालेनं विचारलं.

"दुसरा त्याचा. दार बी तसंच वाजवे तो. दोन लवकर, अन् तिसरा थांबून. मले वाटे, पिऊन आला म्हणून तसं वाजवते. तशी त्याची सवयच होती." ती उठली, लुगडं झटकलं. "बाकीचे कोन होय मले मालूम नाही. त्याईच्या बायका त्याईले वळखतीन."

परतताना ती पुढे चालत होती. मध्येच थांबून रत्नमालेला म्हणाली, "चार काहून मोजले वो तू? शंभर मोजाले किती वेळ लागते? भाताले उकळी येत नाही तेवढ्यात."

"हाव," रत्नमाला म्हणाली.

संध्याकाळी मी खाणीतले जुने सरदार चंद्रकुमार यांच्याकडे गेले. ते भुयारावर देखरेख करायचे, आता अंथरुणाला खिळलेले. ते म्हणाले, मार्चमध्ये खालचं पाणी उतरतं, दगड सुटतात, आवाज येतात. घाबरण्यासारखं काही नाही. मी त्यांना ठोके किती आणि कुठून आले ते सांगितलं. त्यांनी सुनेला पंखा बंद करायला लावला आणि मला पुन्हा सांगायला सांगितलं. मग म्हणाले, "यार्डाच्या बाजूनं भुयार हाय हे तुमाले कोनं सांगतलं?" कुणीच सांगितलं नव्हतं. "पयल्या ठेकेदाराच्या वक्ती हजेरीत नाव नसलेले मानसं बी खाली जात," ते म्हणाले. "त्याईले कोनं मोजलं नाही." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

भुयार उघडावं म्हणून आम्ही खाणीच्या ऑफिसात अर्ज दिला. एका साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ती जमीन उघडणं धोक्याचं आहे, खाली माणसं उतरवता येणार नाहीत, असं ते म्हणाले, आणि ते खरंच असावं. अर्जाची पोच सुलोचनाबाईनं देव्हाऱ्यात ठेवली आहे. दुसऱ्या दिवसापासून ती नळावर गप्प असते. बायकांनी दोन-चार दिवस डिवचून पाहिलं, मग सोडून दिलं.

चौदा एप्रिलला रत्नमाला लाखनीला गेली. कार्यक्रम पाच वाजता होता, ऊन होतं. मी आणि सुलोचनाबाई पहिल्या रांगेत बसलो. मुलींनी दिलेले नवे गमबूट न घालता रत्नमाला जुनेच घालून आली होती. सत्कार झाला, शाल दिली. मग 'पाटी' सुरू झालं. सहा वर्षांनी ती ड्रमवर बसली होती, तरी हात जरासुद्धा मागे नव्हता. तीन ठोके पडले.

पाचव्या मात्रेला मुली सुरू झाल्या. रत्नमाला सुरू झाली नाही. गिटार थोडी पुढे जाऊन अडखळली, कीबोर्ड थांबला, एक जण हसली आणि मग तीही गप्प झाली. रत्नमाला दोन्ही काठ्या मांडीवर ठेवून बसली होती. हायवेवरचे ट्रक जात होते. पोरं रडत होती. हळूहळू पुढच्या रांगा शांत झाल्या, मग मागच्या. माझ्या शेजारी सुलोचनाबाई पदराच्या गाठीतले खडे एकेक करून मांडीवर ठेवत होती.

तिसरा खडा ठेवला आणि बेस वाजवणाऱ्या मुलीनं एक पाय स्टेजवरून उचलला. मग तो ठेवून दुसरा उचलला. खाली बघितलं. नंतर तिनं मला सांगितलं, की फळीखालून कुणीतरी बोटानं वाजवतं आहे असं वाटलं. तिला वाटलं मंडपवाले असतील. लाखनी आमच्या खाणीपासून कितीतरी लांब आहे. तिथं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं आहेत, खाली माती आणि पाणी. खाण तिथं कधी नव्हती.

शंभर झाले. रत्नमालेनं काठ्या उचलल्या आणि गाणं पुढे गेलं. पूर्ण केलं तिनं. उतरल्यावर मुलींनी तिला घेरलं. एक जण म्हणाली, "ताई, इतका मोठा ब्रेक? आमाले वाटलं तुमी विसरल्या."

"तेव्हा विसरली होती," रत्नमाला म्हणाली. "शंभर हाय तो. चार माही चुकी होती. पुढं तुमी शंभरच मोजा."

का, हे तिनं त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, खुर्च्या गोळा होत असताना, स्टेजच्या पायऱ्यांवर बसून. त्यातल्या दोघी रडल्या. एकीनं विचारलं, "अन् उत्तर आलं तर का कराचं?"

"कोनाचं होय ते तिथंच विचाराचं. गर्दीत कोनाची ना कोनाची बायको बसली असते."

हे ऐकून मुली हे गाणं सोडून देतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी सोडलं नाही. सहापैकी पाच बँड आता शंभर मोजतात. काही आयोजक कुरकुर करतात. एकानं तर कार्यक्रमपत्रिकेतून गाणं वगळलं. रत्नमाला यार्डात जाते आणि रविवारी मुलींना शिकवते. तिचा हातोडा पुन्हा बाकीच्यांबरोबर पडतो, असं यार्डातल्या बायका सांगतात. सुलोचनाबाई जिथं जाता येईल तिथल्या कार्यक्रमाला जाते. कपाळावर कुंकू तसंच आहे. त्याबद्दल कुणी तिला विचारलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात सिहोऱ्याला कार्यक्रम होता, दुपारचा. सूत्रसंचालन मनिष नावाचा एक उत्साही तरुण करत होता. त्याला काही माहीत नव्हतं. तीन ठोक्यांनंतर मुली थांबल्या, तसा तो थोडा वेळ वाट बघत राहिला. मग माईक घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "मंडळी, तांत्रिक अडचण आली आहे, थोडा धीर धरा, तोवर आपल्या देणगीदारांची नावं—"

सुलोचनाबाई खुर्चीवरून उठली. तिच्या मुठीत दोन खडे होते.

"अडचन काही नाही, भाऊ," ती म्हणाली. "चूप बस थोडा. तीन कोड्या झाल्या, दोन राह्यल्या."